अर्धं गाणं आणि अख्खं भाषण

मी डूख धरणारी बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ही शेवटी शहाणी होईल अशी आशा लावून कुणी वाचायला नको. साप बारा वर्षं डूख धरतो म्हणतात. माझा त्याच्या दुपटीला पुरून उरला, आणि तो धरला होता एका गाण्यासाठी.

गाणं आमच्या बाईंचं. बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात माझ्या वयाच्या कुठल्याही माणसाला नुसतं ‘बाईंची कॅसेट’ म्हणा, दुसरी बाई त्याच्या मनात येणार नाही. बाई बावड्याकडच्या. पाळणे, गवळणी, भारुडं आणि लेकीसुनांची गाणी म्हणायच्या. आवाज गोड नव्हता. ज्यांना गोड पाहिजे त्यांनी गूळ खावा, आमच्याकडं कमी नाही. बाईंचा आवाज खालच्या पट्टीत खरखरायचा, वर चढताना मध्येच जरासा फाटायचा, आणि तो फाटला की ऐकणाऱ्या बाया पदर तोंडाला लावायच्या. पुढं मी पुष्कळ तयार गळे ऐकले. त्यांतला एकही फाटला नाही आणि एकामुळंही माझ्या हातातलं काम थांबलं नाही.

माझं जळोचीत ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. तिथं आधी टेपवर आणि आता पेनड्राइव्हवर बाईच लागतात. ज्या गिऱ्हाइकाला त्या आवडत नाहीत तिनं माप देऊन लवकर जावं, असा साधा नियम आहे. भाजीबाजारातली एक मेथीवाली बाईंची गवळण गुणगुणते म्हणून मी मेथी तिच्याकडूनच घेते, जुडी लहान असली तरी. कारखाना सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या मोठमोठे स्पीकर लावून जातात, कानठळ्या बसतात, मी शिव्या घालते. एकदा अशीच एक ट्रॉली टायर फुटून दुकानासमोर थांबली आणि तिच्यावर बाईंचा पाळणा वाजत होता. मी बाहेर गेले. ड्रायव्हर तिशीचा गडी, मी भांडायला आले असं समजून तो घाईनं आवाज कमी करायला लागला. मी म्हटलं, वाढव. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि वाढवला. टायर बदलून होईपर्यंत आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला उभे होतो, एक शब्द बोललो नाही. बाईंची माणसं अशीच ओळखू येतात.

पण ज्या गाण्यावरून सगळं झालं ते कुठल्याच कॅसेटवर नव्हतं. ते बाईंच्या आईचं गाणं होतं. त्या ते फक्त यात्रेत म्हणायच्या, आणि तेही मनात आलं तर. गाण्यातली सासुरवाशीण आईचं दुखणं ऐकून माहेरी निघते. वाटेत नदी. लाल पाणी चढलेलं. पलीकडं माहेर दिसतंय.

माझ्या आईचं माहेर नीरेच्या पलीकडं. तिची आई आजारी पडल्याचा निरोप आला तेव्हा तीही अशीच निघाली होती, नदी दुथडी भरली होती, नावाडी नाव घालायला तयार नव्हता. ती काठावरून परत आली. पुन्हा आई भेटली नाही. आई हे कधी रडून सांगत नसे. दोन वाक्यांत सांगायची आणि कामाला लागायची. पण ते गाणं बाई म्हणतात असं तिनं कुणाकडून तरी ऐकलं होतं, आणि आमच्या वाडीच्या यात्रेला बाई येणार असं ठरलं तेव्हापासून ती चालताना जमिनीला पाय टेकवत नव्हती.

आमची वाडी सणसरच्या अलीकडं. मी तेव्हा बारामतीला कॉलेजात होते. आई दुपारीच जाऊन देवळापुढच्या मंडपात सतरंजीवर अगदी पुढं बसली होती आणि माझ्यासाठी जागा धरून शेजारी चप्पल ठेवली होती. दिवस कलायला बाईंनी गाणं सुरू केलं. पेटी आणि ढोलकी, बाकी काही नाही. पहिलं कडवं, दुसरं कडवं. मी बाईंकडं कमी आणि आईकडं जास्त पाहत होते. तिचे ओठ नुसते उघडे होते. बाईंनी डोळे मिटले आणि पुढची ओळ उचलली:

‘एक पाय पाण्यात गं, एक पाय काठावरी...’

तेवढ्यात बाजूनं एक हात आला आणि स्टँडवरचा माईक काढून घेतला.

तो यात्रा कमिटीचा अध्यक्ष. तेव्हापासून आजपर्यंत तो कशाचा ना कशाचा अध्यक्ष आहेच. लोक त्याला अध्यक्ष म्हणतात, पाव्हणे म्हणतात, त्याची बायकोही म्हणते. मी तोंडावर अहो-जाहो करते, मनात कधी केलं नाही, इथंही करणार नाही. “एक मिनिट हं बाई,” असं म्हणून तो माईकमध्ये बोलायला लागला. कोणी एक पाहुणे इंदापूरहून आले होते. आज ते पाहुणे कोण हे वाडीत कुणाला आठवत नाही. त्यांचा सत्कार करायचा होता. बाईंची खुर्ची उचलून पाहुण्यांना दिली. मग शाल, श्रीफळ, फेटा. मग पाहुण्यांबरोबर आलेल्यांचे फेटे. मग फेटे बांधणाराचा फेटा. गडीमाणसं उठून गाड्यांकडं गेली, बाया पोरं गोळा करून चुलीकडं निघाल्या. बाई मंचाच्या कडेला हातात टाळ घेऊन उभ्या होत्या. आई सतरंजीवर होती तिथंच बसली होती. समोर चाललेले सगळे सत्कार तिनं बघितले, सगळी भाषणं ऐकली. का, तर मिनिट एकच म्हटला होता ना तो. ते झालं की बाई पुढं म्हणतील.

अंधार पडला आणि अध्यक्षानं बाईंचेही आभार मानून टाकले. पंगत बसली.

बाई मंचावरून उतरल्या तेव्हा आई पुढं झाली. “बाई, ती गेली का वो पल्याड?” तिनं विचारलं. बाईंनी तिच्याकडं पाहिलं. डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता, आणि तो राग मला फार आवडला. त्या म्हणाल्या, “आक्का, ते गाणं आता हितंच ऱ्हायलं. मी पुन्यांदा म्हणायची न्हाय ते.” आणि नाही म्हटलं. पुढं त्यांच्या कितीतरी यात्रा झाल्या, पुण्या-मुंबईला बोलावणी झाली, ते गाणं त्यांनी कुठं म्हणून म्हटलं नाही. लोकांना पहिली दोन कडवी पाठ होती. तोंडातोंडी ती गावोगाव गेली, पार इंदापूरच्या पलीकडं गेली. लग्नघरात, खुरपणीला, बचत गटाच्या बैठकीत बाया ती म्हणायच्या, काठापर्यंत यायच्या आणि थांबायच्या. पुढचं कुणालाच माहीत नव्हतं.

मी दातओठ खात राहिले. माणूस लहान असला की त्याचा सूडही लहानच असतो. माझा दुकानाएवढा होता. अध्यक्षाच्या घरचे ब्लाऊज मी कधी शिवले नाहीत. लग्नसराईत त्याच्या सुना कापड घेऊन यायच्या, मी दाराकडं न बघता सांगायची, काम फार आहे, गावात दुसऱ्या खूप आहेत. समोर मशीन रिकामं दिसत असायचं. त्याच्या लेकीच्या लग्नात मी जेवले, पण जेवण चांगलं झालं असं म्हटलं नाही. चांगलं झालं होतं. त्याचा फोटो असलेला फ्लेक्स वाऱ्यानं फाटला की माझा दिवस बरा जायचा. एवढ्यानं काय होतं? सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि माझा तर सुंभही जळत नव्हता.

मग आईचे कान जायला लागले.

आई आता माझ्याकडंच जळोचीत असते. आधी कुकरची शिट्टी गेली, मग दाराची कडी, मग माझी हाक. बारामतीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की कानात घालायच्या मशीननं काही दिवस भागेल, पण कान उतरतच जाणार, पुढं मशीनचाही उपयोग होईल असं सांगता येत नाही. आम्ही रिक्षानं घरी आलो. उतरल्यावर आई म्हणाली, “मग तेवढं मला ऐकव.”

“काय?”

“ती पल्याड गेली का न्हाय ते. कान हाईत तवर ऐकू दे. मंग जाऊ देत कान.”

माझ्या आईनं आयुष्यात माझ्याकडं काही मागितलेलं नाही. दिवाळीचं लुगडंही तिला आधी घेऊन मग दाखवावं लागतं. त्या दिवशी मी दुकान उघडलं नाही.

माझी एक मैत्रीण आहे, जळोचीतच तिची पिठाची गिरणी आहे. बाईंची जुनी भक्त. गिरणीच्या आवाजात ऐकू येत नाही म्हणून ती बाईंची गाणी स्वतःच ओरडून म्हणते. दुसऱ्या दिवशी तिच्या स्कूटरवरून आम्ही दोघी बावड्याकडं गेलो. बाई गोठ्यात होत्या, म्हशीला पेंड घालत होत्या. थकल्या होत्या, पण पाठ ताठ. मी आईचं सगळं सांगितलं. पुढं बसलेली, सगळे सत्कार ऐकलेली, विचारायला आलेली. बाईंनी पेंडीचे हात धुतले.

“वळीखली. चप्पल ठिवून जागा धरून बसल्याली बाई.”

मंचावरून त्यांनी ती चप्पल पाहिली होती.

मी म्हटलं, बाई, घरी येऊन आईला एकटीला म्हणून दाखवा. त्यांनी मान हलवली. “न्हाय. जिथं ऱ्हायलं तिथनंच उचलीन. त्याच मंडपात. आन् ज्यानं माईक घेतला, त्यानंच हातात दिला पायजे.”

“आणि माफी?” मैत्रिणीनं विचारलं.

“माफी नगं,” बाई म्हणाल्या. “माफी मागायला लागला तर तासभर बोलंल.”

परत येताना मैत्रीण म्हणाली, “तो येतोय व्हय. त्याला कशाला पडलंय.” मी मागं बसून विचार करत होते. आणि सणसरच्या आसपास कुठंतरी, उसातून वारा येत होता तिथं, माझ्या डोक्यात आलं की कोल्हा काकडीला राजी असतो आणि अध्यक्ष सत्काराला. मी मैत्रिणीला म्हटलं, “आपण त्याचा सत्कार करू.” तिनं स्कूटर थांबवली. मी तिला पुढचंही सांगितलं, आणि ती इतकी हसली की एक सायकलवाला थांबून काय झालं विचारून गेला.

पुढचं म्हणजे हे. बाईंचा कार्यक्रम, अध्यक्षांचा सत्कार. अध्यक्ष बाईंना माईक देणार, बाई गाणार. आईला जे पाहिजे ते मिळणार. ते आईचं झालं. त्यानंतर अध्यक्ष सत्काराला उत्तर देणार. आणि त्यानं ‘व्यासपीठावरील सर्व मान्यवर’ म्हटलं की मंडप उठणार, अख्खा, पंगतीला. आमच्याकडं दुष्काळ सोसतात, निवडणूक हरल्याचं सोसतात, पण रिकाम्या खुर्च्यांपुढं भाषण करणं भल्याभल्यांना सोसत नाही. ते माझं होतं.

त्याच्याकडं मीच गेले. दारात मला बघून त्याची सून चमकलीच. तो म्हणाला, “आता ह्या वयात कशाला आमचा सत्कार,” आणि दुसऱ्याच वाक्याला तारीख विचारली. फ्लेक्सवर त्याचा फोटो मोठा आणि बाईंचा लहान ठेवायचा, असं मैत्रिणीनं बजावलं होतं. मी ठेवला. तरी त्याचा फोन आला, फोटो फेट्यातला घ्या म्हणून. घेतला. ज्याला खाली उतरवायचं त्याला हार मोठाच घालावा लागतो.

निरोप आम्ही तोंडी दिले. मेथीवालीला, गिरणीत दळण घेऊन येणाऱ्यांना, माझ्या गिऱ्हाइकांना. ज्याला सांगितलं त्यानं पुढं सांगितलं. दोन गोष्टी सांगितल्या होत्या: बाई ते गाणं पुरं करणार आहेत, आणि पंगतीची हाक आली की एकानंही खुर्चीत राहायचं नाही. आईला फक्त पहिली सांगितली. दुसरी सांगायची म्हणजे वस्तीला ऐकू जाईल एवढं ओरडावं लागलं असतं.

कार्यक्रम सकाळी होता. मी देवळापुढं जाऊन बघितलं तर मंडप भरलेला, आणि कडेला ट्रॅक्टर उभे. बावडा, सणसर, नीरेपलीकडूनसुद्धा माणसं आली होती. म्हाताऱ्या बाया नातवंडांचे हात धरून. स्वेटर घातलेले म्हातारे. तो टायरवाला ड्रायव्हर आला होता, त्यानं मला लांबून हात केला. बाई आल्या तेव्हा कुणी शिट्टी मारली नाही, टाळी वाजवली नाही. सगळे उठून उभे राहिले. बस्स. मग आई पुढं जाऊन बसली. आता खुर्च्या होत्या, पण तिनं शेजारच्या खुर्चीवर चप्पल ठेवलीच. मी मशीन तिच्या कानात नीट बसवलं आणि मंचावर गेले, कारण निवेदन माझ्याकडं होतं.

फेटा झाला, शाल झाली, हार झाला. आणि मी माईक घेऊन, इतकी वर्षं पाठ केलेलं बोलले. म्हटलं, याच जागेवर, बाई गात असताना, एका ओळीच्या मध्ये एका माणसानं बाईंच्या पुढचा माईक काढून घेतला होता. ते गाणं तेव्हापासून नदीच्या काठावर उभं आहे. तो माणूस आज इथं आहे. एवढं बोलून मी थांबले. मी अध्यक्षाकडं वळले. मला त्याचा चेहरा बघायचा होता. एवढ्याच क्षणासाठी मी त्याच्या सुनांची इतकी कापडं परत पाठवली होती.

तो मान डोलवत होता. कौतुकानं. “व्हय व्हय,” माझ्या माईकमध्ये तोंड घालून तो म्हणाला, “तवाबी बाईंचा कार्यक्रम मीच ठिवला हुता.”

त्याला आठवतच नव्हतं.

मला काय वाटलं ते लिहिते. त्याच्या फेट्याचा शेमला धरून त्याला मंचावरून खाली ओढावं असं वाटलं. मारणाऱ्याला आपण मारल्याचं आठवावं तरी. मी एवढं जपून ठेवलेलं, आणि ज्याचं आहे त्याच्या खिजगणतीत नाही. पण बाईंनी माझ्याकडं पाहिलं आणि हात पुढं केला, माझ्याकडं नाही, त्याच्याकडं. मी माईक त्याच्या हातात दिला. त्यानं तो बाईंना दिला, फोटोवाल्याकडं बघत.

बाईंनी तो घेतला. पेटीवाल्याला सूर दिला. आणि त्यांनी तोंड उघडायच्या आधी मागून कुठूनतरी एका म्हातारीनं पहिलं कडवं सुरू केलं. मग शेजारचीनं. मग सगळ्या मंडपानं. बायकांनी, गड्यांनी, ट्रॅक्टरवर बसलेल्यांनी. बाई नुसत्या ऐकत उभ्या होत्या. दोन कडवी लोकांनी म्हटली, इतक्या वर्षांत घासून घासून गुळगुळीत झालेली. आणि ‘एक पाय पाण्यात गं, एक पाय काठावरी’ इथं येऊन सगळे एकदम थांबले, जसे नेहमी थांबायचे.

तिथून बाईंनी उचललं.

आवाज आता पहिल्यासारखा चढत नव्हता. फाटायचा मात्र तिथंच फाटला. गाण्यातली ती पल्याड जात नाही. पाणी उतरत नाही. ती काठावरून हाक मारते, पाण्याच्या आवाजात हाक विरते, ती पुन्हा मारते. आणि पलीकडून, अंथरुणावरून उठवून कुणीतरी काठाशी आणलेली तिची आई ओ देते. एवढंच. दिवस मावळतो, दोघी आपापल्या काठावरून घरी जातात.

‘पाय ऱ्हायले अल्याड गं, हाक गेली पल्याड...’

आईनं मशीनवर तळहात दाबून धरला होता, म्हणजे एक अक्षरही बाहेर सांडू नये. ती रडत नव्हती. ती नीरेच्या काठावर उभी होती आणि ऐकत होती, हे मला मंचावरून दिसलं. मला माझ्या आईची आई कशी दिसायची ते माहीत नाही, कुणाकडं फोटो नाही. पण त्या दिवशी तिनं ओ दिली. हे मी कुणालाही शपथेवर सांगेन.

गाणं संपलं. मग अध्यक्षानं बाईंच्या हातातून माईक घेतला. ह्या खेपेला गाणं संपलं होतं, घेऊ दे. त्यानं घसा साफ केला. “व्यासपीठावरील सर्व मान्यवर...”

देवळामागं मैत्रिणीनं पातेल्यावर पळी वाजवली.

मंडप उठला. असा उठला की मला माझाच हेवा वाटला. कुणी धावलं नाही, ढकलाढकली नाही, सगळे शांतपणे उठले आणि मसालेभाताच्या वासाकडं चालायला लागले. पेटीवाला उठला. फोटोवाला उठला. बाईसुद्धा उठल्या, “गाऊन झालं की भूक लागती बया,” म्हणाल्या आणि गेल्या. अध्यक्ष बोलत होता. “आज या ठिकाणी... या ठिकाणी...” त्याचे डोळे मागच्या रांगेवरून मधल्या रांगेवर, मधल्या रांगेवरून पुढच्या रांगेवर आले. फेट्याखाली घाम आला. आता त्याला आठवत असो वा नसो, कळत तरी होतं. मी मंचाच्या पायऱ्या उतरताना मनात म्हटलं, एक मिनिट हं अध्यक्ष.

आणि मग मला पुढच्या रांगेत आई दिसली.

ती बसली होती. पाय जुळवून, हात मांडीवर, मान थोडी वर, त्याच्याकडं बघत. अख्ख्या मंडपात एकटी. मी जाऊन तिचा हात धरला, खूण केली, चल जेवायला. तिनं माझा हात झटकला आणि शेजारच्या खुर्चीवरची चप्पल उचलून खाली ठेवली. बस म्हणून.

मी बसले. काय करणार, आईनं जागा धरली होती.

अध्यक्षाला ती दिसली आणि बुडणाऱ्याला लाकूड सापडावं तसं झालं. तो तिच्याकडं बघून बोलायला लागला. शेती, पाणी, संस्कृती, तरुण पिढी, कलावंतांची कदर. त्यानं एकही मुद्दा गाळला नाही. मागं पंगत उठली, दुसरी बसली, जिलेबी संपत आल्याचं ऐकू आलं. मी माझ्या सुडाच्या अगदी पुढच्या रांगेत बसून तो अख्खा ऐकला. आई मध्येमध्ये मान हलवत होती.

शेवटी तो संपला. खाली उतरला, आईपुढं वाकला. डोळे ओले होते त्याचे. म्हणाला, “आक्का, तुमी तेवढं शेवटपतूर ऐकून घेतलंसा.” आई त्याच्या ओठांकडं पाहत होती. मग हसली आणि म्हणाली, “लई ब्येस झालं.” तो छाती काढून पंगतीकडं गेला, आणि माझ्या हातात जी काही जीत आली होती ती बरोबर घेऊन गेला.

संध्याकाळी घरी यायला रिक्षा केली. रिक्षावाल्यानं बाईंचंच काहीतरी लावलं होतं. वाडी मागं पडली तेव्हा आईनं मूठ उघडली. तळहातावर मशीन होतं, घामानं ओलं.

मी तिच्या कानाशी जाऊन ओरडले, “हे कवा काढलंस?”

“गाणं झालं तवाच.”

“मग त्याचं भाषण?”

“मला कुठं ऐकू येतंय.”

“मग एवढा वेळ बसलीस कशाला?”

मी लहानपणी उष्टं टाकलं की पाहायची तसं तिनं माझ्याकडं पाहिलं. “त्या दिशी बाई हुबी ऱ्हायली आन् समदी माझ्या म्होरनं उठून गेली. मी बघितलंय ते. हुबं ऱ्हायल्याल्या माणसाच्या म्होरनं असं उठून जाऊ न्हाय.” मग मशीन माझ्या हातात ठेवलं. “ठिव ह्ये. आता काय ऐकायचं ऱ्हायलंय.”

आणि ती बाहेर बघत गुणगुणायला लागली. शेवटचीच ओळ, परत परत. स्वतःच्या आवाजाचा तिला अंदाज राहिलेला नाही, त्यामुळं ती पुष्कळ मोठ्यानं म्हणत होती, आणि बेसूर. रिक्षावाल्यानं आरशातून मागं पाहिलं आणि आपला स्पीकर बंद केला.

मला अध्यक्षाबद्दल अजून पुष्कळ बोलायचं होतं. अजूनही आहे. पण आई म्हणत होती, म्हणून मी थांबले.